वाटणीतली जोडी

उल्हासनगरात सरकीच्या पेंडीसाठी रांग लागली होती. माझ्यापुढे दोघे उभे होते, पालेगावच्या शर्यत मंडळाचे म्होरके आण्णा आणि त्यांचा गाडीवान सदू.

"सदू, यंदा शर्यतीत आपलीच गाडी पुढं. जोडी जमली!"

"कसली जमली, आण्णा? माझा सर्जा एकटाच हाय."

"डावीकडं तुझा सर्जा, उजवीकडं तुझ्या भावाचा हिऱ्या. पयलीचीच जोडी."

"वाटणीत एकेक घेतला, तवापासून आम्ही बोलत नाय."

"बोलायला कोण सांगतंय? पळायचंय बैलांनी."

"तो देईल हिऱ्याला?"

"काल सोता घेऊन आला माझ्या खळ्यावर."

"आन् हिऱ्या? जोडीत पळायचं इसरला असंल."

"इसरतोय कसला! नुसतं जू मांडलं, तर आपणहून उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला. डावी जागा मोकळी ठेवून. किती ढकलला, तरी सरकंना."

"भाऊ काय म्हनला?"

"काय म्हणतोय? तोंड फिरवून उभा होता."

रांग पुढं सरकली.

"बोलो साईं, कितना?" सिंधी दुकानदारानं विचारलं.

"दोन बैलांची द्या, शेठ," सदू म्हणाला. "एकाच गोणीत भरा."