न धुतलेला पंप

शालिकराम: पूरा वाफा जाळला लेकानं! मिरचीचं रोप, महिन्याचं. तणनाशकाचा पंप न धुता त्यातच दुसरं औषध भरलं अन् फवारून मोकळा! काहून नाई धुतला बे?

जीवन: धुतला होता ना बाबा. म्हंजे... मले वाटलं, धुतला.

शालिकराम: वाटलं! गेल्या साली हेच पोट्टं वाफ्या-वाफ्याचं औषध तोंडपाठ सांगे. थांब, तुले दाखवतोच आता.

हर्षा: हात खाली घ्या बाबा! मारून आठवन काय त्याले? दारू पिऊन राहिला तो. हप्त्यातून तीन-तीनदा. मले काल फोनवर त्यानंच सांगतलं, म्हणून आली मी अमरावतीहून.

शालिकराम: दर्यापूरच्या त्या टोळक्यानं बिघडवलं याले. तंगड्याच तोडतो एकेकाच्या!

हर्षा: टोळकं मांगून आलं. पहिला गिलास कोनं देल्ला? गोपालमामाच्या वरातीत, बँडासमोर? चौदाचा होता हा. "घे, मर्द झाला आता," कोन म्हणे?

शालिकराम: बियर होती ते! वरातीत समदेच देतात पोरायले. मी वीस वर्षं घेऊन राहिलो, माह्यं काय बिघडलं? नर्स झाली म्हणून बापाले शिकवून राहिली काय?

हर्षा: हो, शिकवीनच! आमच्या वार्डात येतेत असे पोट्टे. मेंदू पंचविशीपर्यंत घडत रायते बाबा. मनाले आवर घालणारा भाग तं सगळ्यात शेवटी तयार होते. त्याच्या आंधीच दारू पडली, तं आठवण जाते, आवर जाते. तोच पंप बांधावरच्या बाभळीवर मारला असता, तं काय झालं असतं?

शालिकराम: बाभळीले काय होते? दोन-चार पानं पिवळी पडतीन. रोपाची गोष्ट येगळी. कोवळं रायते ते...

हर्षा: बोला ना. थांबले काहून?

(शालिकराम बांधावर बसून एक जळलेलं रोप उपटतो, त्याची मुळी पाहतो.)

शालिकराम: सुदरन काय व हा?

हर्षा: जळलेलं रोप सुदरते काय?

शालिकराम: मुळी जित्ती असन तं फुटते. पण पुन्हा एक थेंब नाई पडला पायजे.

हर्षा: मंग? रविवारी चांदूरले वरात हाये. याच्यासाठी बी बाटली सांगतली ना तुमी?

शालिकराम: मी त्याले देतच नाई आता. अन् पोट्ट्या, तू बी कोनी देल्ली तं सरळ नाई म्हण!

जीवन: माह्याच्यानं नाई म्हणणं होत नाई, बाबा. तुमाले कोनी देल्ली तं तुमी म्हणसान काय?