काकांनी गोळी सोडली

आमच्या साखळी गावच्या विठूकाकांचं सांगितलं का तुम्हाला? रिपोर्टात कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, तसं काकांनी त्याच्या गोळ्याच बंद केल्या. "बरा झालो मगे, आता गोळी कित्याक?" काकी ओरडली, पण ऐकतो कोण?

काही महिन्यांनी छातीत कळ आली. घाबरलेल्या काकीने त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. कळ गॅसची निघाली, पण कोलेस्टेरॉल पुन्हा पूर्वीइतकंच वर!

"नॉर्मल झालं होतं ना?" काका भांडायलाच उठले.

"ते गोळीमुळे. गोळी सोडलीत, ते परत चढलं."

काकी उसळली, "डॉक्टर, घरसुद्धा आपोआप झाडलेलं राहतं, असंच वाटतं यांना!"

डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "काकी, त्यावर माझ्याकडे गोळी नाही."