पाचवीची कात्री

तेहतीस सालच्या फेब्रुवारीची चार तारीख, शनिवार, आणि मी सकाळपासून कात्र्या उकळत होते. तिथूनच सांगते, कारण माझं डोकं फिरलं ते त्या दिवशी. सहा कात्र्या, चार चिमटे, एक मोठं पातेलं, आणि भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं बघायची, एकोणीस चालत नाहीत. तेवढ्यात दवाखान्याचा शिपाई आला नि म्हणाला, भागीरथीबाई, कमिटीनं बोलावलंय, असाल तशा चला. मी म्हटलं, अजून सात मिनिटं आहेत. तो म्हणाला, अहो, स्वतः रावसाहेब येऊन बसलेत. मी म्हटलं, बसू देत की, खुर्ची त्यांची आहे, पातेलं माझं आहे.

पण तुम्ही लिहून घेताय, तर आधी मी कोण कुठली ते लिहा. मी मंगळवेढ्याकडची. आमचं काळं रान, ज्वारीचं. बाप शेतकरी, पण गावच्या शाळेचे मास्तर आमच्याच सोप्यात राहायचे म्हणून मी तिसरीपर्यंत शिकले, नाहीतर कोण शिकवतंय. तेराव्या वर्षी लग्न झालं, एकोणिसाव्या वर्षी मुलगा झाला. सुईणीनं गोठ्यातल्या खुंटीवरचा विळा काढला, त्यानं सकाळीच कडबा तोडलेला, त्याच विळ्यानं नाळ कापली आणि वर चुलीतली राख दाबली. पाचव्या दिवशी पाचवी पुजली. तुम्हाला माहीत आहेच, आपल्याकडं ज्यानं नाळ कापली ती वस्तू पाचवीला पाटा-वरवंट्याशेजारी मांडून पुजतात. तर तो विळा पुजला, हळद-कुंकू वाहिलं, मला धरून बसवलं आणि मी त्या विळ्याला नमस्कार केला. दोन दिवसांनी पोराचा जबडा मिटला तो उघडेना, अंग धनुष्यासारखं वाकलं, आणि संपलं. सगळ्या बाया म्हणाल्या, सटवाईनं न्हेलं गं. मीही तेच म्हणत होते की, मला कुठं काय कळत होतं! बारा वर्षांनी ह्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या तोंडून धनुर्वात हा शब्द ऐकला आणि तो कशानं होतो ते ऐकलं, तेव्हा मला त्या विळ्याची मूठसुद्धा आठवली. रडगाणं म्हणून सांगत नाही. हे कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते.

नवरा महायुद्धाच्या शेवटी जो ताप आला त्यात गेला. भाऊ इथं गिरणीत होता, तो मला घेऊन आला. भावजयीच्या घरात फुकट खाण्यापेक्षा बरं, म्हणून मी दवाखान्यात आया म्हणून लागले. नऊ वर्षं फरशा पुसल्या, बाळंतिणींची भांडी घेतली, आणि डोळे उघडे ठेवले. पस्तिशीला शिकाऊ नर्स झाले. वर्गातल्या बाकीच्या पोरी सतरा-अठराच्या, मला मावशी म्हणायच्या. एक डॉक्टर आम्हाला भाषण द्यायला आले होते, नर्सच्या अंगी पुढारीपण कसं यावं म्हणून. म्हणाले, पुढारी तो, जो पुढं चालतो. मी उभी राहिले नि विचारलं, डॉक्टरसाहेब, पुढं चालणाऱ्याला मागं कोण बसकण मारून बसलंय ते दिसतं का? पोरी हसल्या, मेट्रनबाईंनी मला खाली बसवलं. इतकी वर्षं दवाखान्यात काढून माझी बोली धुऊन निघालीय, पण राग आला की परत येते, ती अशी.

आता कात्रीचं ऐका. आमच्याकडं बाळंत झालेल्या बाईची सासू चौथ्या-पाचव्या दिवशी यायची आणि म्हणायची, नाळ कापली ती कात्री द्या, पाचवी पुजायची हाय. जुन्या आया गुपचूप द्यायच्या. कात्री घरी जायची, हळद-कुंकू लागायचं, अक्षता पडायच्या आणि तशीच परत यायची. माझ्या शिकण्याच्या दुसऱ्या वर्षी अशीच परत आलेली एक कात्री आयेनं पुसली न पुसली आणि उकळलेल्या हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवली. मेट्रनबाईंना चिमट्यावर कुंकू दिसलं. ड्यूटी माझी होती, तेव्हा सगळ्या वॉर्डासमोर माझा पट्टा काढून घेतला. नर्सचा पट्टा म्हणजे काय, ते तिथल्या माणसालाच कळतं. महिनाभर मी बिनपट्ट्याची हिंडले. त्याचंही मला काही नाही, चूक ती चूक. पण त्यांनी हुकूम काढला की यापुढं कुठलंही हत्यार बाहेर जाणार नाही, आणि भिंतीवर लावला. काय सांगू तुम्हाला, भिंतीवर हुकूम लावला म्हणजे झालं, असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी एकदा सासवांशी बोलून बघावं. बायका यायच्याच बंद झाल्या. कळा सुरू झालेली बाई दारातून टांगा वळवून परत न्यायचे, का तर दवाखान्यात पाचवी चुकती. एक अशीच गेली, घरी बाळंत झाली, नवव्या दिवशी तापानं फणफणलेली आणली, आणि आमच्या हाती काही राहिलं नाही. हुकूम भिंतीवर तसाच होता, वाऱ्यानं एक कोपरा निघालेला.

तेव्हा मी काय केलं, ते काही मोठं नव्हतं. साळ्यांच्या गल्लीतली नरसम्मा म्हणून एक म्हातारी आहे, हातमागावरची, तेलुगू बोलणारी, मराठी तोडकंमोडकं. तिच्या थोरल्या सुनेला दिवस भरलेले. मी तिच्या घरी गेले, मागाशेजारी बसले आणि म्हटलं, नरसम्मा, कात्री आमची कशाला? तुझी आण. घरची. मी तुझ्या डोळ्यांसमोर उकळीन, तिनंच नाळ कापीन, आणि तुझ्याच हातात देईन. मग तू पूज, नाहीतर नाचव. ती म्हणाली, कत्तेर उकळून देव मरत न्हाय का? मी म्हटलं, मरणारा असला तर तो देव कसला? म्हातारी इतकी हसली की माग थांबला. सुनेला घेऊन आली ती पदरात कात्री बांधून. मी तिला पातेल्यासमोर पाटावर बसवलं आणि वीस मिनिटं ती त्या बुडबुड्यांकडं बघत राहिली, जपाला बसल्यासारखी. तिच्या तोंडून ते सगळ्या गल्लीत पसरलं. सहा महिन्यांत अशी वेळ आली की घरी बाळंत होणाऱ्या बायासुद्धा विळा उकळायला लागल्या. मला वाटेत गाठून सांगायच्या, बाई, आमी बी उकळलं बरं का.

मेट्रनबाईंनी बघितलं आणि भिंतीवरचा हुकूम काढला. मग एक दिवस म्हणाल्या, भागीरथी, गिरणीच्या चाळींजवळ कमिटी नवा बाळंतपणाचा वॉर्ड काढतेय. तू मार्चात परीक्षा पास हो, तो वॉर्ड तुझ्याकडं. मी विचारलं, नक्की? त्या म्हणाल्या, माझा शब्द. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं, हे खरं सांगते. वॉर्ड माझा म्हणजे माझ्या पद्धतीनं. पहिलं शिकवायचं ते आयेला, शिकाऊ पोरीला नंतर. सासू आत आली पाहिजे, बाहेर बसून शाप देता कामा नये. सगळं माझ्या डोक्यात मांडून तयार होतं.

आता रावसाहेब. ते कमिटीचे अध्यक्ष, मोठे गृहस्थ, नाव सांगत नाही. जानेवारीत त्यांची सून अडली. घरी दोन दिवस काढून मग आणली. डॉक्टरीणबाई पंढरपूरला गेलेल्या. मूल पायाकडून येत होतं. मी होते आणि मालती होती. मालती म्हणजे गेल्या वर्षी पास झालेली नर्स, बावीस वर्षांची, कुर्डुवाडीची, नवरा रेल्वेच्या कारखान्यात. गुणी पोर आहे, पण पायाळू मूल बघितल्यावर तिचा ट्रे हातात वाजायला लागला. मी म्हटलं, मालू, ट्रे धर आणि माझ्याकडं बघ, बाकी काही करू नकोस. मूल काढलं, मुलगा. नाळ मी कापली, त्यांच्याच घरच्या कात्रीनं, कारण रावसाहेबांच्या बायकोनंही ती आणली होती, गल्लीतली पद्धत बंगल्यापर्यंत पोचली होती. पाचवीला त्यांच्याकडून ताट आलं. खण, नारळ, पेढे. कुणाला? मालतीला. विधवेची ओटी भरत नाहीत म्हणून ट्रे धरणारीची भरली. मालती ते ताट घेऊन माझ्याकडं आली, तोंड एवढंसं, म्हणाली, मावशी, हे तुमचं आहे. मी म्हटलं, पेढे वाट सगळ्यांना, खण तुला राहू दे, आणि पुढच्या वेळी ट्रे वाजू देऊ नकोस. मला खणाचं काही नव्हतं हो. खण मला काय करायचाय!

पण शनिवारी कमिटीसमोर उभी राहिले तेव्हा कळलं की गोष्ट खणावर थांबणार नव्हती. आधी अहवाल वाचला. त्यात होतं, कमिटीच्या दूरदृष्टीने घरच्या कात्रीची पद्धत सुरू करण्यात आली. कमिटीच्या! ह्यातल्या एकानं तरी आयुष्यात कात्री उकळली असेल का? मग रावसाहेब म्हणाले, बाई, तुमच्या कामाबद्दल दुमत नाही, पण हा बाळंतिणींचा वॉर्ड, दारात पहिली दिसणार ती प्रमुख, तिथं सवाष्ण असलेली बरी, लोक काय म्हणतील. शेजारचे वकील म्हणाले, नाव मालतीबाईंचं राहील, काम तुम्हीच बघा, तुम्हाला कोण अडवतंय? मी मेट्रनबाईंकडं बघितलं. त्या समोरचे कागद सारखे करत होत्या. पट्टा काढताना कसे हात चालले होते, आणि आता शब्द पाळायची वेळ आली तर कागद सारखे करतायत!

मी म्हटलं, ठीक आहे, हुकमात तसं लिहा, भागीरथी विधवा आहे म्हणून तिला नेमली नाही. वकील म्हणाले, असं लिहिता येत नाही. मी म्हटलं, जे लिहायला लाज वाटती ते करायला कशी वाटत न्हाय वो तुमाला? रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, या तुम्ही.

मालती हात धुवायच्या खोलीत रडत होती. म्हणाली, मी नाही म्हणून सांगते. मी म्हटलं, खुळी का काय तू, नाही म्हणालीस तर पुण्याहून कुणीतरी आणतील आणि तिला शिकवायला परत मीच! कागद आला तर घे, पण सही करायची घाई करू नकोस. ती म्हणाली, पण मावशी, मला भीती वाटते. मी म्हटलं, भीती वाटते हे तुला कळतंय ना, मग तू त्या सगळ्या कमिटीपेक्षा शहाणी आहेस.

ह्याला आता पंधरा दिवस झाले. मालतीच्या नावाचा कागद रावसाहेबांनी सही न करता घरी ठेवून घेतलाय एवढं मला कळलंय. पुढं काय व्हायचं ते होईल. परीक्षा मी देणार, पास होणार, आणि मालतीच्या हाताखाली काम करायची वेळ आली तर तेही करीन, पण गप्प बसून नाही. कागदावर सही का झाली नाही, ते मात्र सांगते.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मी पट्टा बांधला आणि दवाखान्याच्या आधी रावसाहेबांच्या बंगल्यावर गेले, पुढच्या दारानं. त्यांची बायको, वहिनीसाहेब, पूजेची फुलं निवडत होत्या. मी म्हटलं, ती कात्री परत द्या. त्या म्हणाल्या, कुठली? मी म्हटलं, नातवाची नाळ कापली ती. त्या म्हणाल्या, अगं बाई, ती देव्हाऱ्यात आहे, आमच्याकडं पाचवीला पुजलेली वस्तू सव्वा महिना हलवत नाहीत, पोराला बाधतं. मी म्हटलं, तेच म्हणते मी. ती माझ्या हातानं उकळलेली आणि माझ्या हातानं चाललेली आहे. माझा हात वॉर्डाच्या दारात चालत नाही, असं काल रावसाहेबांनी सांगितलं. मग देवाशेजारी कसा चालतो? काढून तरी द्या, नाहीतर त्यांना तरी विचारा.

वहिनीसाहेब देव्हाऱ्याकडं बघायच्या, माझ्याकडं बघायच्या, हातातली फुलं तशीच. आतून सून आली, मूल उराशी धरून. म्हणाली, सासूबाई, मी शुद्धीवर होते, पोराला ह्यांनीच काढलं. पुढच्या खेपेला तिथं ह्या नसल्या तर मी माहेरी दुधनीला जाईन, आत्ताच सांगते. मी मुलाचं झबलं वर करून बेंबी बघितली. कोरडी होती, स्वच्छ. म्हटलं, दुपटं फार आवळू नका. वहिनीसाहेब एवढंच म्हणाल्या, ह्यांना सांगते. मी म्हटलं, सांगा, मला थांबायला वेळ नाही. कात्री मागितली होती, ती घेतली नाही, राहू दिली तिथंच.

दवाखान्यात पोचायला उशीर झाला, तीन वर्षांत पहिल्यांदा. दारातच नरसम्मा बसलेली, धाकट्या सुनेला कळा सुरू झालेल्या, म्हातारीच्या पदराला गाठ आणि गाठीत कात्री. मला बघून म्हणाली, किती येळ गं अम्मा, तुझीच वाट बघती. मी हात धुतले आणि पाणी चढवलं.