सोमवारचं धुणं

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या फ्रेझरबर्गच्या बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर एक आजी आणि तिची शाळकरी नात बसल्या होत्या.

“आजी, नाटकातली जेसी पहिल्या अंकात म्हातारी आणि दुसऱ्यात एकदम तरुण. काळ मागे का नेलाय, ते लिहायचंय.”

“मग काय लिहिलंस?”

“जेसी आळशी आहे. घरात धुण्याचा ढीग, पण सोमवारी हात म्हणून लावत नाही.”

“आळशी म्हणे! दुसऱ्या अंकात काय करते?”

“सोमवारी नवऱ्याची बोट मासेमारीला सुटते आणि ही अंगणात त्याचे शर्ट धुते. बाकी काही घडतच नाही.”

“अगं, बोट सुटते त्या दिवशी धुणं काढायचं नसतं. आपला माणूस समुद्रात धुऊन जातो.”

“असं कुणी मानतं का?”

“तीही नव्हती मानत. तुझ्यासारखीच शहाणी.”

“मग आता काय लिहू?”

“आधी ते ‘आळशी’ खोड.”

“खोडलं. आजी, तूपण सोमवारी कधी धुणं काढत नाहीस.”

“खिडकी लाव, वारा येतोय.”

“आजोबांची बोट बुडाली, ती सोमवारीच सुटली होती ना?”

“मोजेच धुतले होते गं मी. नुसते पाण्यातून काढले होते.”