टायरीसचं पळणं

उद्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ कॉलेजातले खेळाडू निवडणार होते. अलाबामातल्या बार्बेक्यूच्या रांगेत, व्हर्लीनच्या पुढेच दोन म्हातारे तिच्या टायरीसवरून भांडत होते.

"क्वार्टरबॅकनं उभं राहून चेंडू फेकायचा, क्लेम. हा नुसता सशासारखा पळतो!"

"पण कुणाला सापडला का?"

"कॉलेजात पोरंटोरं होती. व्यावसायिक संघांत दीडशे किलोचे रेडे असतात, डोळे मिटून अंगावर येणारे. कोण घेणार याला? काय हो बाई?"

"मी त्याची आई. लहानपणी आंघोळीला बोलावलं की अंगणभर पळायचा."

"बघ, क्लेम! नुसता पळतो!"

"आणि पळता पळता मला साबण फेकून मारायचा. नेम एकदाही चुकला नाही."

म्हाताऱ्यानं टोपी काढली.

"तुम्ही पुढे व्हा, बाई."