पडद्याअलीकडचे श्रीमंत

फेलिस्मिना : म्हणजे त्या पडद्यापलीकडे गरीब बसलेत?

बेल्मिरो : हळू, आई. पडदाच आहे, भिंत नाही. ऐकू जातं त्यांना.

फेलिस्मिना : मग आपल्याआधी त्यांना का आत घेतलं? आपण पोर्तोच्या विमानतळावर त्या रांगेत पाऊण तास ताटकळलो, आणि ते आपले टुकूटुकू चालत गेले.

बेल्मिरो : नियमच आहे तसा. म्हातारे, आजारी, अडलेले आधी. हा युरोप आहे, आई. इथे दुबळ्यांचं आधी बघतात.

फेलिस्मिना : आमचं गावही युरोपातच आहे. आमच्याकडे कोणी बघितलेलं आठवत नाही.

बेल्मिरो : गाव वेगळं, विमान वेगळं.

फेलिस्मिना : एकाने तर टाय लावला होता.

बेल्मिरो : उसना असेल.

फेलिस्मिना : आणि ती चामड्याची बॅग?

बेल्मिरो : सगळा संसार त्यातच असतो बिचाऱ्यांचा.

फेलिस्मिना : अरेरे! आणि माझे गुडघे का रे असे पुढच्या खुर्चीत रुतलेत? शेजारची कान्दिदा तर म्हणत होती, बिझनेस क्लासमध्ये पलंग देतात. तिचा जावई ब्राझीलला जाताना त्यावर झोपला होता म्हणे.

बेल्मिरो : ते समुद्रापार जाताना. युरोपातल्या युरोपात बिझनेसची खुर्ची आणि साधी खुर्ची एकच. तेच फोम, तेच कापड. कुणालाही विचार. हे अगदी शपथेवर सांगतो.

फेलिस्मिना : हे शपथेवर? मग मघापासूनचं कशावर सांगत होतास?

बेल्मिरो : आई, पट्टा नीट लाव बघू.

फेलिस्मिना : ती खिडकीशी झोपलेली पोरगी आपल्याच वर्गातली?

बेल्मिरो : हो तर.

फेलिस्मिना : विजार गुडघ्यावर फाटलीय तिची.

बेल्मिरो : फाटलेल्या विजारी श्रीमंतच घालतात. गरिबांना परवडत नाहीत त्या.

फेलिस्मिना : तुझा बाप हयात असता तर गावातला सगळ्यात श्रीमंत तोच ठरला असता. हे बघ बेल्मिरो, आपलं काय ठरलंय ते विसरू नकोस. कोंबड्या मी कान्दिदाकडे ठेवून आलेय, विकून नाही. तुझं बरं चाललंय असं मला दिसलं, तर लक्झेंबर्गला तुझ्याकडे राहीन. ओढाताण दिसली, तर पंधरा दिवसांत मी माझ्या गावी. लेकाच्या ताटात हात घालून जगायचं नाही मला.

बेल्मिरो : आणि परत अंगणात घसरून पडलीस म्हणजे? गेल्या हिवाळ्यात दोन तास गारठ्यात पडून होतीस. कोणी उचललं? कोंबड्यांनी?

फेलिस्मिना : कोंबड्यांनी कालवा केला, म्हणून कान्दिदा आली. त्यांना नावं ठेवू नकोस.

बेल्मिरो : माझं उत्तम चाललंय, आई. उगीच का बिझनेसने नेतोय? रोज हजारभर माणसं असतात माझ्या मागे.

फेलिस्मिना : सांगितलंस तू. पाद्रीबाबांच्याही कानावर घातलंय मी. त्यांच्या मागे रविवारी अकरा असतात, तेही मला धरून. ही बघ, आली ती गणवेशातली पोरगी ढकलगाडी घेऊन.

काटिया : नमस्कार. पाणी देऊ? आणि हे चॉकलेट, कंपनीकडून.

फेलिस्मिना : हे एवढंसं?

काटिया : दोन घ्या.

फेलिस्मिना : आणि जेवण कधी आणतेस, पोरी?

काटिया : जेवण? पण तुमचं तिकीट तर...

बेल्मिरो : नंतर! नंतर आणा. आम्हीच सांगितलं होतं ना, उशिरा आणा म्हणून? आई, तुला मघापासून जायचं होतं ना?

फेलिस्मिना : हो, जाऊनच येते. ते काय, पुढे दिसतंय दार.

काटिया : ते पुढचं त्या लोकांसाठी असतं, बाई. तुम्ही मागच्यात जा.

बेल्मिरो : आपल्या वर्गाचं मागे असतं, आई. सावकाश जा, घाई करू नकोस.

फेलिस्मिना : घाई करायची की नाही, ते मी एकटी ठरवणार नाही, बाबा.

बेल्मिरो : गेली का? वळून बघतेय?

काटिया : दाराशी झटापट चाललीय त्यांची. ढकलायचं असतं, त्या ओढतायत. जाते मदतीला.

बेल्मिरो : राहू दे, तेवढाच वेळ मिळेल. बाई, तुमचं नाव काय? हं, बिल्ल्यावरच आहे, काटिया. काटिया, मी बेल्मिरो. ती माझी आई, फेलिस्मिना. तिला वाटतंय, आम्ही बिझनेस क्लासमध्ये बसलोय.

काटिया : पाचव्या रांगेत?

बेल्मिरो : बिझनेस कुठपर्यंत आहे?

काटिया : आज चौथीपर्यंत. जेवढी तिकिटं खपली असतील, तेवढ्या रांगा मोजून आम्ही पडदा लावतो.

बेल्मिरो : म्हणजे तुम्हीच लावता! मग एक रांग मागे घ्या की.

काटिया : पडदा सरकतो, साहेब. तिकीट नाही सरकत.

बेल्मिरो : बरं, पडदा राहू द्या. थोडं गरम पाणी तरी? टॉवेल आहे माझ्याकडे. थर्मासमधलं पाणी पोर्तोच्या तपासणीत ओतून द्यायला लावलं. ही बशी आहे, हा कप. स्वेटरमध्ये गुंडाळून आणलाय, फुटलेला नाही. हा रुमाल, इस्त्रीचा.

काटिया : तुम्ही अख्खा बिझनेस क्लास पिशवीत घालून आणलात?

बेल्मिरो : खुर्ची तर सारखीच असते ना? मग बाकी काय, टॉवेल, बशी आणि दोन गोड शब्द. पहिल्या दोन गोष्टी मी आणल्यात. तिसरी तुमच्याकडून हवीय.

काटिया : पण कशासाठी हे सगळं?

बेल्मिरो : मी एकटा राहतो हो. लक्झेंबर्गमध्ये बस चालवतो. आणि ती राहते डोंगरात, तीही एकटी. माझं बरं चाललंय असं दिसलं तरच ती राहायला येणार. नाहीतर पंधरा दिवसांत परत त्या अंगणात.

काटिया : पाणी आणते. पण पडद्यापलीकडची वस्तू अलीकडे आणता येणार नाही, आधीच सांगते. आणि त्या मात्र पलीकडे जाता कामा नयेत. आमच्या वरिष्ठ बाई फार कडक आहेत.

बेल्मिरो : ती कशाला जाते तिकडे? तिला वाटतंय तिथे गरीब बसलेत.

काटिया : कोण? पहिल्या रांगेत बँकेचे संचालक आहेत!

बेल्मिरो : हळू. आली.

फेलिस्मिना : तुमच्या त्या दाराला कडीसुद्धा धड नाही गं. बसून राहावं लागलं हात लावून. एवढ्या महागाच्या वर्गाचा संडास, आणि आमच्या शाळेतल्यापेक्षा लहान.

काटिया : दिलगीर आहोत, फेलिस्मिनाबाई. आणि हा आपला गरम टॉवेल.

फेलिस्मिना : अगंबाई! तोंड पुसायचं?

काटिया : हात, तोंड, आपली इच्छा. बिझनेस क्लासमध्ये स्वागत.

फेलिस्मिना : बेल्मिरो, यावर ‘नगरपालिका जलतरण तलाव’ असं छापलंय.

बेल्मिरो : तलावाला आणि विमानांना एकच कंत्राटदार टॉवेल पुरवतो.

फेलिस्मिना : असेल, असेल. पण वास येतोय बघ. भाजलेल्या मांसाचा. पडद्यापलीकडून. गरिबांना जेवण देतायत का?

बेल्मिरो : धर्मादाय असतं ते.

फेलिस्मिना : आणि आपल्याला चॉकलेट?

बेल्मिरो : श्रीमंत लोक विमानात खात नाहीत, आई. म्हणून तर बारीक असतात.

फेलिस्मिना : पण धर्माचं जेवण, ते काही पोटभर देत नसणार. तो डबा काढ बरं वरून.

बेल्मिरो : कुठला डबा?

फेलिस्मिना : फोलारचा. पहाटे उठून भाजलाय मी. डुकराचं मांस, सॉसेज, अठरा अंडी घातलीत त्या पावात. कापूनच आणलाय, सुरी नेऊ देत नाहीत म्हणून. तुकडा तुकडा देऊन येते त्यांना.

बेल्मिरो : आई, नको. अपमान वाटेल त्यांना.

फेलिस्मिना : फोलारने? अपमान?

बेल्मिरो : पट्ट्याचा दिवा लागलाय!

फेलिस्मिना : विझलाय. सरक, डबा मीच काढते.

(पडदा हलतो. नंतर बराच वेळ फक्त इंजिनाची घरघर.)

बेल्मिरो : काटिया! काटिया, इकडे या. काय चाललंय पलीकडे?

काटिया : तुमच्या आईने बँकेच्या संचालकांच्या ताटात पाव ठेवलाय.

बेल्मिरो : देवा! ते काय म्हणाले?

काटिया : त्यांनी काही म्हणण्याआधी तुमच्या आईच म्हणाल्या, “खा बाबा, लाजू नकोस. माणसाचे दिवस पालटतात.”

बेल्मिरो : मेलो.

काटिया : त्यांनी खाल्ला. मग आणखी एक मागितला. आमचं वासराचं मांस बाजूला सारलं त्यांनी. आता तिसऱ्या रांगेतल्या वकीलबाई विचारतायत, आम्हाला का नाही?

बेल्मिरो : आणि तुमच्या वरिष्ठ?

काटिया : त्या कडक आहेत, पण पुढच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून खातायत. तिथले नसाल तर तुम्हाला कळायचं नाही, पण त्या ब्रागांसाच्या डोंगरातल्या आहेत. त्यांच्या आईचाही फोलार असाच असायचा म्हणे. डोळे पुसत होत्या.

बेल्मिरो : मी तिथलाच आहे हो.

काटिया : मग तुम्हाला एकही तुकडा उरणार नाही, हे तुम्हाला कळतच असेल. आल्या बघा.

फेलिस्मिना : सगळा संपला. रिकामा डबा वर ठेव. सभ्य माणसं आहेत हो सगळी. एकाने कागद दिला छापलेला. त्यावर त्याचं नाव आणि पत्ता. कधी लागलं तर सांगा म्हणाला. गरीब माणूस, पण मन मोठं.

बेल्मिरो : आई...

फेलिस्मिना : काचेचे पेले आहेत त्यांच्याकडे. आणि काटे धातूचे. सुरीसुद्धा! माझी सुरी मात्र घरी राहिली.

बेल्मिरो : आई, मला काही सांगायचंय.

फेलिस्मिना : सांग की.

बेल्मिरो : आपण बिझनेस क्लासमध्ये नाही.

फेलिस्मिना : माहीत आहे.

बेल्मिरो : पडदा सरकवल्यावर कळलं?

फेलिस्मिना : पोर्तोलाच. तिकिटावर लिहिलंय ते. चौथीपर्यंत शिकलेय मी, आणि चष्मा गळ्यातच आहे.

बेल्मिरो : मग मघापासून?

फेलिस्मिना : तू इतकं रंगवून सांगत होतास. मधे तोडायचं जिवावर आलं. लहानपणी शाळा बुडवलीस की असंच सांगायचास. तेव्हा पुलावर लांडगा असायचा.

बेल्मिरो : मग तो पाव कशाला वाटलास?

फेलिस्मिना : पलीकडे काय मिळतं ते बघायचं होतं मला. कुणाकडे जायचं तर रिकाम्या हाताने कसं जाणार? आता दुसरं सांग. ती हजार माणसं.

बेल्मिरो : ती खोटी नाहीत. रोज हजार माणसं असतात माझ्या मागे.

फेलिस्मिना : बसलेली की उभी?

बेल्मिरो : ...दोन्ही. सकाळी जास्त उभी.

फेलिस्मिना : वाटलंच. साहेबाच्या कचेरीतून फोन येतो आणि दर दोन मिनिटांनी दार फुस्स करतं. मी कान्दिदाला म्हटलं, लेकाचं ऑफिस फार मोठं दिसतंय, सारखं कोणी ना कोणी येतं-जातं.

बेल्मिरो : शेवटच्या थांब्यावर उभा असताना करायचो फोन. चालवताना नाही. नियम आहे.

फेलिस्मिना : बस स्वच्छ ठेवतोस?

बेल्मिरो : हो.

फेलिस्मिना : म्हातारं माणूस बसेपर्यंत थांबतोस? की लगेच गाडी हाणतोस?

बेल्मिरो : थांबतो. मागून शिव्या पडतात, तरी थांबतो.

फेलिस्मिना : हं.

बेल्मिरो : तू आता परत जाणार. पंधरा दिवसांनी. बोल ना.

फेलिस्मिना : पलीकडे एक गंमत बघितली. दोन माणसं बसलेली, आणि दोघांच्या मधली खुर्ची रिकामी. प्रत्येक रांगेत तसंच. मी त्या कडक बाईला विचारलं, कोणी यायचं राहिलंय का? तर म्हणाली, नाही, ती रिकामी ठेवायचेच पैसे असतात.

बेल्मिरो : हो. युरोपात बिझनेस म्हणजे तेच. शेजारी कोणी बसत नाही.

फेलिस्मिना : पैसे मोजून?

बेल्मिरो : पैसे मोजून.

फेलिस्मिना : म्हणजे मी त्यांना गरीब म्हणाले, ते काही अगदीच चुकलं नाही. तुझ्याकडे खोल्या किती?

बेल्मिरो : एक. आणि स्वयंपाकाचा कोपरा. मी दुसरी बघतोय, खरंच बघतोय. तोवर तू पलंगावर झोप, मी सोफ्यावर.

फेलिस्मिना : पलंगापासून सोफा किती लांब?

बेल्मिरो : लांब कुठला? लागूनच आहे. तू कुशीवर वळलीस तरी मला कळेल.

फेलिस्मिना : मधे एखादी खुर्ची मावेल?

बेल्मिरो : नाही, आई. नाही मावणार.

फेलिस्मिना : मग कान्दिदाला कळव, कोंबड्या विकून टाक म्हणावं.