चढावर बंद पडणारी गाडी

नाही, परत स्टार्ट करून बघू नका, मिस्त्रीकाका — तुमच्यासमोर ती सुरू होणारच. आमच्याकडे बाहेरच्या माणसासमोर सगळेच शहाण्यासारखे वागतात, गाडीसुद्धा. मशीनवर काही दाखवत नाही ना? दाखवणार कसं — बिघाड इंजिनात नाहीच. सासरे बॅटरीचं पाणी आणायला गेलेत तोवर सांगते, एरवी मी फारशी बोलत नाही.

ही वही बघा, मागचं पान. पाच वेळा बंद पडली, पाचही रविवारी, आत्याबाईंच्या घराच्या चढावर. सासूबाई म्हणतात, ही घरात आल्यापासून गाडी रुसली — मला नाही म्हणत, पातेल्याला म्हणतात, पण मला ऐकू येईल इतपत. आता डिझेलचा काटा बघा, तोही लिहिलाय. पाचही वेळा तळाला. लग्नाआधी हे टाकी फुल करायचे. मग सासरे म्हणाले, आता गाडीचं मी बघतो — आणि दुसऱ्याच दिवशी मला विचारलं, सूनबाई, तुझं वजन किती? मला वाटलं, तब्येतीची काळजी. कसली काळजी — गाडीत एक माणूस वाढलं, तर इंजिनावर भार नको म्हणून तेवढं वजन त्यांनी कमी केलं. बावन्न किलो. चौदा किलोची स्टेपनी माळ्यावर, बाकीचे अडतीस टाकीतून. मग काय, चढावर उरलंसुरलं डिझेल मागे सरकतं, नळी हवा ओढते, गाडी दोन आचके देऊन गप्प. सपाटीला आणून फिल्टरवरचा पंप दाबला की सुरू. बरोबर ना? हसू नका — तसं बघितलं तर सासूबाईही बरोबरच.

तुम्ही सांगितलंत तर ऐकतील ते, माझ्यावरचा ठपका जाईल. म्हणजे — सांगायचंच आहे, पण आजच सांगायला हवं का? गाडी थांबली की सासू-सासरे चालत वर जातात आणि आम्ही दोघं मागे राहतो. घर दोन खोल्यांचं आहे हो. पंपाला दोन मिनिटं पुरतात, मागच्या रविवारी आम्हाला पाऊण तास लागला. म्हणजे सुरू झाली होती — ह्यांनीच किल्ली फिरवून परत बंद केली. पातेल्याचं काय, ते ऐकून घेईन मी. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की अजून चार रविवार चालवून बघा — आले वाटतं. वही द्या इकडे.

नाही बाबा, काही नाही विचारलं मी. मला काय कळतंय इंजिनातलं.